नावाड्याची चाल

३ जानेवारी

ताई,

मायना काय घालावा यात दोन कागद वाया गेले, म्हणून नुसतं ‘ताई’. मावसभावाला मावसबहिणीला पत्र लिहिताना एवढा विचार करावा लागतो ही काही बरी गोष्ट नाही. पण गेल्या सव्वीस वर्षांत आपण लग्नाकार्यात काय भेटलो तेवढेच, आणि तिथेही ‘बरं आहे ना?’च्या पुढे गाडी गेली नाही. फोन करून पाहिला. तू उचललास आणि ‘कामात आहे’ म्हणालीस. तेव्हा हे पत्र.

मुद्द्याचं आधी. आपला गेम परत निघतो आहे. तोच, ज्याची गोष्ट आणि संवाद तू लिहिलेस आणि प्रोग्राम मी. फौज घेऊन बावीस नकाशे पार करायचे, एक चाल आपली, एक शत्रूची. या वेळी मात्र कॉम्प्युटरवर नाही, तर दोन्ही हातांत धरून खेळायच्या यंत्रावर. हे लोक त्याला हँडहेल्ड म्हणतात. एका छोट्या कंपनीने विचारलं, मी हो म्हटलं, आणि वजनकाट्यांची दुरुस्ती सांभाळून उरलेल्या वेळात तीन वर्षं बसून तो त्या यंत्रावर उतरवला. एकट्याने. कंपनीतली डिग्रीवाली मंडळी म्हणत होती, सहा माणसं लागतील. मी म्हटलं, सहा माणसं बसतील एवढी माझी खोली नाही.

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. जुना पडदा सहाशे चाळीस ठिपके रुंद होता, हा दोनशे चाळीस. म्हणजे सतरंजी मोडून रुमाल करायचा, आणि नक्षीतलं एक फूल कमी करायचं नाही. तुझे संवाद तीन ओळींच्या चौकटीत येतात, अक्षराची उंची बारा ठिपके. ती अक्षरं मी एकेक ठिपका टाकून काढली आहेत, विकतची नाहीत. बारा ठिपक्यांत ‘ष्ट्य’ बसवून दाखवा म्हणावं कुणालाही. मी बसवलं. चार दिवस लागले, आणि सबंध गेममध्ये ते एकदाच येतं. ‘वैशिष्ट्य’ सोडून दुसरा शब्द तुला त्या वेळी सुचला नव्हता का?

आता तुझ्याकडचं काम. जुन्या करारावर आपल्या दोघांच्या सह्या आहेत, त्यामुळे नव्यावरही दोघांच्या लागतात. माझी झाली. ३१ मार्चपर्यंत तुझी पोचली नाही तर कंपनी हा गेम सोडून देणार आणि माझी तीन वर्षं पाण्यात जाणार. कागद सोबत आहे, सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे.

पार्सलमध्ये यंत्रही आहे. खेळून बघ, मुळाशी ताडून बघ. एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला असेल तरी सांग. झालेला नाही.

मावशीला नमस्कार. ही विचारत होती, तिचे गुडघे कसे आहेत.

तुझा मावसभाऊ

*

१९ जानेवारी

प्रिय फूटपट्टी,

हे नाव तुला अजून चालतं की पन्नाशीनंतर ‘श्री. फूटपट्टी’ म्हणायचं?

फोनवर खरंच कामात होते. शिवाय फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हे लहानपणापासूनचं आहे. पत्रात निदान एकदा तू, एकदा मी. तेव्हा आता पत्रच.

यंत्र मिळालं. माझं काम तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो मी लिहिते. बारीक अक्षराची मला सवय आहे, त्यामुळे चष्मा न बदलता खेळता आलं. अक्षरं चांगली काढली आहेस. आमच्या ऑफिसातल्या कागदांपेक्षा चांगली. हे एकदाच लिहिते आहे, नंतर मागू नकोस.

आईचे गुडघे तसेच आहेत, पण गुडघ्यांची तक्रार सध्या बंद आहे, कारण यंत्र तिच्या मांडीवर असतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती फौज घेऊन निघाली आहे. तुझ्या त्या भालेवाल्याला ती ‘अरे, झाडामागे उभा राहा की’ असं मोठ्याने सांगते आणि तो राहिला नाही की माझ्याकडे बघते.

मीही पहिले पाच नकाशे खेळले. तू म्हणतोस ते खरं आहे, काहीही बदललेलं नाही. सहाव्या नकाशातला नावाडी अजून बसूनच मरतो.

आता तू तुझ्या मुद्द्याचं आधी लिहिलंस, तर मीही लिहिते. सव्वीस वर्षांपूर्वी तू मला सांगायला आलास की गेम चार फ्लॉपींत मावत नाही, मजकूर एक चतुर्थांश कापावा लागेल. मी म्हटलं, एक शब्द कापायचा नाही. तू म्हणालास, ‘बघतो.’ नंतर गेम दुकानात आला. मी विकत आणला, हो, स्वतःच्या पैशाने, आणि खेळायला बसले. सहावा नकाशा. नावाडी नदीत आपल्या नावेत बसलेला. बाकी सगळे हलतात, लढतात, तो जागचा हलत नाही. तिसऱ्या फेरीत तीन बाण, आणि संपला. फौज वरच्या पुलावरून पुढे जाते. त्याच्यासाठी मी नंतरच्या एकेचाळीस ओळी लिहिल्या होत्या. नदी पार केल्यावर तो बोलायला लागतो. सबंध गोष्टीत मला मनापासून जमलेलं तेवढंच होतं. त्यातलं एक अक्षर पडद्यावर आलं नाही.

तू न विचारता कापलंस. विचारलं असतंस तर मी भांडले असते, पण भांडून झाल्यावर कदाचित दुसरं काहीतरी कापायला दिलं असतं. विचारायला हवं होतंस. त्यानंतर मी ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ याच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही.

कापलेलं परत घाल. मग सही करते. कागद जपून ठेवला आहे.

ताई

*

२७ जानेवारी

ताई,

मी काहीही कापलेलं नाही.

हे वाक्य मी वेगळ्या ओळीत लिहिलं आहे, म्हणजे दिसेल. तुझं पत्र वाचून मी आधी जुन्या फ्लॉपी काढल्या आणि मग उत्तर लिहायला बसलो. तुझ्या एकेचाळीस ओळी, क्रमांक सहाशे बारा ते सहाशे बावन्न, तिथे आहेत. तेव्हाही होत्या, आताच्या यंत्रातही आहेत. बारा ठिपक्यांत मी त्या स्वतः बसवल्या. एका ओळीत तू पूर्णविराम दोनदा दिला आहेस, तोही तसाच ठेवला.

‘नावाडी जिवंत असेल तर सहाशे बारापासून दाखव’ ही अटही मी लिहिलेली आहे. पण अशा अटी तीस-चाळीस आहेत. या गेममध्ये कुणीही मरू शकतो आणि मेलेला परत येत नाही, हा तुझाच हट्ट होता. त्यामुळे कोण जगतो, कोण मरतो हे मी मनावर घेतलं नाही. नावाडी कधी वाचतच नाही हे मला लोकांच्या पत्रांवरून कळलं. पत्रं बरीच आली. ‘जागा न सोडणारा नावाडी’ म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. एका शिक्षकाने लिहिलं होतं की फौजेला नाव मिळावी म्हणून जो माणूस पळून जात नाही, तो लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

तो नमस्कार मी तुला पोचवला नाही. खरं कारण सांगतो. मला राग होता. त्याचे आकडे तूच वहीत लिहून दिले होतेस. बळ चार, ढाल शून्य. असा माणूस बाणांपुढे टिकणार कसा? मला वाटलं, तुला तो मरायलाच हवा होता, नंतरच्या ओळी म्हणजे आधी लिहिलेला आणि मग नको झालेला कच्चा मजकूर, आणि हे तू मला सांगितलंसुद्धा नाहीस. सबंध फौजेत मला तोच आवडायचा. पण लेखिका तू, म्हणून गप्प बसलो. कच्चा मजकूर पुसला नाही, कारण दुसऱ्याचा कागद फाडू नये एवढं न शिकताही कळतं.

तेव्हा परत घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सही कर.

तुझा मावसभाऊ

*

८ फेब्रुवारी

फूटपट्टी,

ढाल शून्य, कारण तो नावाडी आहे. त्याच्या हातात वल्हं असतं. ढाल कुठे धरेल, दातात?

पण तू वहीतलं अर्धंच वाचलंस. ढालीच्या खालची ओळ बघ. चपळाई नऊ. सबंध फौजेत सगळ्यात जास्त. लढता येत नाही म्हणूनच मी त्याला चपळ केला होता. बाण यायच्या आत त्याने नाव वल्हवत निघून जावं, एवढंच त्याला जमायला हवं होतं. त्याला मारायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. शिक्षकाच्या नमस्काराचं ऐकून ती म्हणाली, “एवढ्या वर्षांनी का होईना, पोचला.” मग यंत्र घेऊन सहावा नकाशा खेळायला बसली. तुला माहीत आहे, ती पत्त्यांत कुणाकडे कुठलं पान आहे ते शेवटपर्यंत लक्षात ठेवते. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाली, “सगळ्यांचा नंबर लागतो गं, याचा लागतच नाही.”

मी म्हटलं, “असं कसं? तो जागा सोडत नाही, लोक म्हणतात.”

“सोडायला नंबर तर यायला हवा. रेशनच्या रांगेत मला मागे ढकललं तर मी काय निष्ठेने उभी होते का?”

मी तीनदा खेळून पाहिलं. आईचं बरोबर आहे. वाणी हलतो, भालेवाला हलतो, तो लंगडा सरदारसुद्धा दोनदा हलतो. चपळाई नऊ असलेल्या माणसाची एकही चाल नाही. तो बसून राहत नाही, त्याला कुणी विचारतच नाही.

तू कापलं नाहीस यावर मी विश्वास ठेवते. तू खोटं बोलत नाहीस, फक्त जास्त बोलतोस. मग हे काय आहे?

ताई

*

२ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. सध्या दुकानदारांच्या काट्यांच्या वार्षिक तपासणीचे दिवस आहेत, सकाळपासून रांग असते.

नावाड्याचं पाहिलं. त्या वेळच्या यंत्राची मर्यादा होती, त्यातून तसं झालं. कंपनीतल्या बाईंशी बोललो. त्यांचं म्हणणं, लोक या नावाड्यासाठीच गेम परत मागताहेत, खोक्याच्या चित्रातही तोच आहे, तेव्हा त्याला हात लावू नये. मलाही वाटतं, आहे ते राहू द्यावं. इतक्या लोकांना तो तसाच आवडला आहे.

महिना थोडाच उरला आहे. सहीचं मनावर घे.

तुझा मावसभाऊ

*

९ मार्च

फूटपट्टी,

तुझं पत्र अर्ध्या पानाचं. तू आयुष्यात ‘सुखरूप पोचलो’ हेसुद्धा अर्ध्या पानात लिहिलेलं नाहीस. दहावीच्या सुट्टीत आमच्याकडून घरी गेल्यावर तू जे कार्ड पाठवलं होतंस, त्यात बस किती मिनिटं उशिरा सुटली, का सुटली आणि ड्रायव्हरने काय करायला हवं होतं, ते सगळं होतं. आईने ते कितीतरी वर्षं ठेवलं होतं.

आणि आता ‘यंत्राची मर्यादा’. ठिपके मोजून अक्षर काढणारा माणूस मर्यादा किती, कुठली, कशाची हे न सांगता पुढच्या वाक्यावर जातो? दुकानदार तुझ्याकडे येऊन काट्याला नावं ठेवतात तेव्हा तू त्यांना काय सांगतोस ते मावशीने मला एकदा सांगितलं होतं. “काटा खोटं बोलत नाही, ठेवणारा कसा ठेवतो ते बघा.”

मी औषधांचे कागद लिहिते. कंपनीला जे लपवायचं असतं ते कुठे जातं माहीत आहे? सगळ्यात छोट्या परिच्छेदात. तुझं पत्र म्हणजे तो परिच्छेद आहे.

लोकांना तो तसाच आवडतो, हे मला समजतं. त्या शिक्षकाचा नमस्कार मी कपाटात ठेवल्यासारखा ठेवला आहे. पण तो नमस्कार मी न लिहिलेल्या गोष्टीसाठी आहे, तो मला घालता येत नाही आणि परतही देता येत नाही.

काय झालं ते नीट लिही. नाहीतर सही नाही. बावीस दिवस उरले आहेत. कॅलेंडर माझ्याकडेही आहे.

ताई

*

१५ मार्च

ताई,

चूक माझी आहे.

हेही वेगळ्या ओळीत लिहिलं. ही बाजूला बसून निवडणं-टिपणं करत होती, म्हणाली, “सकाळपासून पेन धरून बसलाय, आधी तेवढं लिहा आणि मग काय पुराण सांगायचं ते सांगा.” म्हणून आधी तेवढं.

आता पुराण. तुझं आठ तारखेचं पत्र मला बारा फेब्रुवारीला मिळालं आणि चौथ्या दिवशी चूक सापडली. म्हणजे शोधायला चार दिवस लागले आणि तुला लिहायला सत्तावीस. मधलं ते अर्ध्या पानाचं पत्र फाडून टाक, किंवा मावशीकडे दे, ठेवायला.

तू ‘एक शब्द कापायचा नाही’ म्हणालीस, तेव्हा मी ‘बघतो’ म्हटलं आणि खरंच बघितलं. तुझ्या मजकुराला चौतीस हजार आठशे अक्षरांची जागा कमी पडत होती. ती कुठून तरी काढायची होती. आपला प्रत्येक नकाशा चाळीस बाय चाळीस घरांचा. प्रत्येक घराची जमीन किती उंच, हा आकडा मी दोन-दोन डब्यांत ठेवला होता. डबा म्हणजे आकडा ठेवायची जागा, एवढंच समज. मी विचार केला, टेकडी काय फार तर तीन उंच, त्याला एक डबा पुरे. बावीस नकाशांचे मिळून पस्तीस हजार दोनशे डबे वाचले. तुझा मजकूर बसला, वर चारशे जागा उरल्या. त्या दिवशी मी स्वतःला शाबासकी देत घरी चालत गेलो होतो. तुला सांगायला येणार होतो. नाही आलो, कारण आधी तू येऊन ‘मावलं का?’ विचारावंस असं मला वाटत होतं. तुलाही मी यावंसं वाटत असणार. असो.

आता त्या डब्यात शून्याखालचा आकडा मावत नाही. शून्य ते दोनशे पंचावन्न, एवढंच. टेकड्यांना, रस्त्यांना, शेतांना याचा काहीच त्रास नाही. पण नदी जमिनीच्या खाली असते. पाण्याची उंची मी उणे एक लिहिली होती. स्कूटरच्या मीटरवर तीन शून्यं असताना चाक एक घर मागे फिरवलं की नऊशे नव्याण्णव दिसतात, तसं त्या डब्यात उणे एकचं झालं दोनशे पंचावन्न. गेमच्या हिशेबी आपला नावाडी पाण्यात नव्हताच. तो सबंध मुलखातल्या सगळ्यात उंच सुळक्यावर बसला होता.

उंचावरचा माणूस सावकाश हलतो म्हणून चपळाईतून उंची वजा करायची, हा नियम माझाच. नऊ वजा दोनशे पंचावन्न, उणे दोनशे सेहेचाळीस. आणि शून्याच्या खाली जो गेला त्याचा नंबर त्या फेरीत लावायचा नाही, हाही नियम माझाच, जखमींसाठी केलेला. त्याचा नंबर कधी लागणारच नव्हता. मावशीने दोन फेऱ्यांत जे पाहिलं ते मला सव्वीस वर्षांत दिसलं नाही.

का दिसलं नाही, हे मला तुला सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते. काटा तपासायचा तर आधी टेबल सपाट आहे का ते बघायचं, वाकड्या टेबलावर खरा काटाही खोटा दिसतो. ही माझी शिस्त. म्हणून गेममधला प्रत्येक माणूस मी एका कोऱ्या, सपाट नकाशावर उभा करून तपासला होता. नावाडीही. सपाट कोरड्या जमिनीवर तो फार सुंदर हलला. त्याच्या नावासमोर मी टिकमार्क केला, तारीख घातली, सही केली. नावाड्याला पाण्यात घालून बघायचं मला सुचलं नाही. पाण्यावर उभा राहणारा सबंध गेममध्ये तो एकटाच.

थोडक्यात, तुझ्या ओळी वाचवायला मी जे केलं त्यानेच तो मेला. आणि गेल्या तीन वर्षांत, बारा ठिपक्यांच्या काळजीने, तीच चूक जशीच्या तशी नव्या यंत्रावर उतरवली. ‘एक ठिपका इकडचा तिकडे झालेला नाही’ असं तुला वर लिहूनही पाठवलं.

कंपनीला मी परवा पत्र दिलं, त्याची नक्कल सोबत आहे. नावाडी न हलणं ही गोष्ट नव्हती, ही माझी चूक होती, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय माझं नाव या गेमवर घालू नये, असं लिहिलं. माझ्या नावाने, सहीने. बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं हो, सांगितलं नसतं तरी चाललं असतं.” मी म्हटलं, मला विचारलं आहे. शेवटी त्या म्हणाल्या, दोघं मिळून जे ठरवाल ते, पण एकतीस तारीख हलणार नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. आता त्याची चपळाई पाण्यात दहा होते, कारण उणे एक वजा केलं की एक वाढतो. हे बरोबर आहे, नावाडी पाण्यातच जास्त चपळ असायला हवा. नवीन कार्ड पाठवतो आहे, जुनं काढून हे यंत्रात घाल, खाच डावीकडे. तुझा खेळ पाचव्या नकाशापर्यंत तसाच राहील.

तुला हा नावाडी नको असेल, लोकांचा तो बसून राहणाराच हवा असेल, तर तसं सांग. ती ओळ मी काढीन. गोष्ट तुझी आहे. सही नाही केलीस तरी मी काही म्हणणार नाही.

बाकी सगळा गेम पुन्हा तपासला, बावीसही नकाशे, पाण्यासकट. बाकी बरोबर आहे.

फूटपट्टी

*

२६ मार्च

प्रिय फूटपट्टी,

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवावं लागलं. मीटरचं तिला पटकन कळलं, मला दुसऱ्या वेळी. सुळक्यावरच्या नावेचं चित्र डोळ्यांपुढे येऊन ती एवढी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाली, “दोघांपैकी एकाने उठून दुसऱ्याच्या घरी जायला काय झालं होतं?” तुझ्या घरापासून आमचं तेव्हा चार गल्ल्यांवर होतं. मी म्हटलं, त्यालाच उत्तर विचारते. तुला आलं तर कळव.

कार्ड घातलं. खाच डावीकडे. रविवारी सकाळी आई शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मी सहावा नकाशा उघडला.

पहिल्याच फेरीत, सगळ्यांच्या आधी, त्याच्या पायाखालचं घर उजळलं. म्हणजे आता याची चाल, कुठे जायचं ते सांगा. मी तशीच बघत राहिले. आई म्हणाली, “अगं, विचारतोय तो.”

दहा घरं जाता येत होतं. मी त्याला दहाही घरं नेलं, सरळ, पलीकडच्या काठाला. तिथे पोचला की सुटला, एवढंच माझ्या डोक्यात. बाकी फौज अजून अलीकडेच होती. काठच्या लव्हाळ्यात दोन तिरंदाज बसवले होते, ते लव्हाळं मीच वहीत काढलं होतं, आणि मला त्याची आठवण नाही. दुसऱ्या फेरीत दोन बाण. संपला. तुझ्या चुकीत तो तिसऱ्या फेरीपर्यंत तरी जगायचा.

आईने माझ्याकडे बघितलं. “एवढी घाई कशाला केलीस?”

यंत्र बंद करून तोच नकाशा पुन्हा सुरू करायच्या बटणावर माझा अंगठा होता. खरं सांगते, बराच वेळ होता. कुणाला कळलंही नसतं, आईनेही सांगितलं नसतं. पण या वेळी त्याला कुणीतरी विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं. ते मला पुसवेना. मी पुढची चाल खेळले. फौज वरच्या पुलावरून नेली. सातवा नकाशाही झाला, त्याच्याशिवाय.

तेव्हा तुझी ती एक ओळ राहू दे. ज्यांना बसून राहणारा हवा आहे ते त्याला बसवून ठेवतील, तेवढं स्वातंत्र्य त्यांना आहे. मला पत्र आलं तर मी उत्तर देईन. कंपनीतल्या बाईंना सांग, खोक्यावरचं चित्र बदलायची गरज नाही, चित्रात तो कुठे हलतो?

सही केलेला कागद सोबत आहे. पेन्सिलची फुली खोडून टाकली.

पत्राच्या शेवटी तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून लिहिते. त्या एकेचाळीस ओळी कागदावर उतरवून पाठवू नकोस, त्याला पार नेऊन पडद्यावरच वाचीन. त्यात काय लिहिलं होतं ते मला आता नीट आठवत नाही, आणि सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेलं आहे म्हणजे निम्मं वाईट असणार. वाईट असलं तर बदलायला किती ठिपके मिळतील ते मग विचारीन. यंत्र परत पाठवत नाही. आईने तिच्या नावाने पहिल्यापासून नवीन खेळ सुरू केला आहे आणि मी माझ्या. ती चौथ्या नकाशावर आहे, मी दुसऱ्या. नदी अजून बरीच लांब आहे.

ताई